‘ध’ चा ‘मा’ : एक पत्रव्यवहार

नववीला मराठी व्याकरण शिकविताना वाक्प्रचारांच्या यादीत ‘ध चा मा करणे’ हटकून येते. मूळ मजकुरात फेरफार करून भलताच अर्थ निर्माण करणे, असा अर्थ फळ्यावर लिहायचा आणि मग मुलांची मरगळ जावी म्हणून त्यामागची गोष्ट सांगायची. शनिवारवाडा, गणपतीचे दिवस, तलवारी उपसलेले गारदी, काकाच्या कमरेला मिठी मारणारा अठरा वर्षांचा पेशवा. शेवटी आनंदीबाई. गोष्ट संपेपर्यंत तास संपतो. आम्हा शिक्षकांना असे तास फार आवडतात. पेडणे तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी अशी वर्षे काढली आहेत आणि आता मुख्याध्यापक झाल्यावरही कुणी शिक्षक रजेवर असला की हा तास मी आपणहून घेतो.

१९९९ साली आमच्या शाळेच्या वार्षिक अंकात ‘वाक्प्रचारांमागचा इतिहास’ असा एक लेख मी लिहिला होता. त्यात ही गोष्ट होतीच. त्यानंतर तीनेक आठवड्यांनी शाळेच्या पत्त्यावर माझ्या नावाचे एक आंतर्देशीय पत्र आले. अक्षर ओळखीचे नव्हते. मजकूर असा होता :

“चि. भाऊ यास काकीचे अनेक आशीर्वाद. शेजारच्या मुलीकडून तुमच्या शाळेचा अंक मिळाला. तुझा लेख वाचला. चांगला लिहिला आहेस. एक विचारते, राग मानू नकोस. तो कागद तू पाहिलास का? तू नाही तर तुला शिकविणाऱ्यांनी पाहिला का? कुणीच पाहिला नसेल तर आनंदीबाईनेच अक्षर बदलले हे तू मुलांना एवढे ठामपणे कसे सांगतोस? उत्तर दिले नाहीस तरी चालेल. हे पत्र घरी दाखवू नकोस.”

हे शेवटचे वाक्य समजण्यासाठी आमच्या घरची थोडी हकिकत सांगावी लागेल. माझे वडील थोरले, काका धाकटे. आजोबा १९७१ साली वारले. शेवटच्या आजारात त्यांची दृष्टी गेली होती, म्हणून जमिनीची आणि घरातल्या जिनसांची याद त्यांनी काकीकडून लिहून घेतली. काकीचे माहेर डिचोलीकडचे. पोर्तुगीज अमदानीत देवळाच्या अग्रशाळेत भरणाऱ्या मराठी शाळेत ती शिकलेली. घरच्या बायकांत लिहिता-वाचता येणारी ती एकटीच. आजोबांच्या माघारी ओढ्यापलीकडच्या भाटावरून भावाभावांत बिनसले. भाट म्हणजे आमच्याकडे माडांची बाग. आजोबांनी ते थोरल्याच्या नावे सांगितले होते आणि काकीने धाकट्याचे नाव घातले, असे आमच्या बाजूचे म्हणणे. ती याद मात्र कुणापाशी निघेना. आमचे लोक म्हणत, ती काकांनी दडवली. ते म्हणत, तुम्ही दडवली. अखेर काका बिऱ्हाड घेऊन डिचोलीला गेले आणि दोन घरांत बोलणे राहिले नाही.

त्यानंतरच्या वर्षी गावच्या जत्रेत कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘भाऊबंदकी’ झाले म्हणे. १९०९ सालचे हे नाटक गोव्यातल्या कितीतरी देवळांपुढे उभे राहिलेले आहे. आनंदीबाईचे काम गावातल्याच एका पुरुषाने केले होते. ती रंगात आलेली पाहून माझी आत्या मांडवातच मोठ्याने म्हणाली, “ही तर आमची डिचोलीची!” तेव्हापासून आमच्या घरात काकीला नाव उरले नाही. लहानपणी मला कित्येक वर्षे वाटत असे की काकीचे खरे नावच आनंदी आहे.

मी उत्तर पाठवले. एम. ए. झालेल्या माणसाला न शोभेल अशा तोऱ्यात पाठवले. तेथून जो पत्रव्यवहार सुरू झाला तो नऊ वर्षे चालला. वर्षाला तीन-चार पत्रे. पेडण्याहून डिचोलीला जाऊन यायला एक सकाळ पुरते. पण आम्ही पोस्टानेच भांडलो, आणि भांडलो ते सगळे १७७३ सालाबद्दल.

माझी पहिली भिस्त पार्श्वभूमीवर होती. खून एका रात्रीत शिजत नाही, हे मी तिला सविस्तर लिहिले. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झाले, जूनमध्ये नानासाहेब पेशवे खचून वारले आणि सोळा वर्षांच्या माधवरावाला पेशवाईची वस्त्रे मिळाली. चुलते रघुनाथराव लाहोरपर्यंत जाऊन आलेले, कर्तेसवरते. पुतण्याच्या हाताखाली राहणे त्यांना सोसेना. १७६२ च्या नोव्हेंबरात घोडनदी आणि आळेगाव येथे पुणेकरांच्याच दोन फौजा एकमेकींवर पडल्या. निजामाची कुमक काकांच्या बाजूला होती. पानिपताला अजून दोन वर्षेही झाली नव्हती! माधवराव स्वतः काकांच्या छावणीत जाऊन शरण गेला, कारण राज्य दुभंगण्यापेक्षा मान खाली घातलेली बरी, असे त्या मुलाने ठरवले. पुढे तो सावरला. पण यादवी थांबली नाही. १७६८ च्या जूनमध्ये नाशिककडच्या धोडपच्या किल्ल्यापाशी त्याने काकांचा पराभव केला, त्यांना पुण्यास आणून शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला माधवराव क्षयाने गेला. जाताना धाकट्या भावाचा हात त्याने याच काकांच्या हाती दिला, असे सांगतात.

नारायणराव सतरा वर्षांचा होता. स्वभावाने उतावळा. काकांवरचा पहारा त्याने प्रथम सैल केला आणि मग पुन्हा आवळला. प्रभू मंडळींशी त्यांच्या वेदोक्त कर्मांवरून वाकडे घेतले. थोरल्या भावाच्या वेळचे मुत्सद्दी त्याला मोजीनात आणि तो त्यांना मोजीना. नागपूरकर भोसल्यांच्या घरातही तेव्हा वारशाचे भांडण पेटलेले होते आणि त्यांची माणसे पुण्यात वावरत होती. वाड्यात पहाऱ्यावर असलेल्या गारद्यांचा पगार थकलेला. अशा घरात ठिणगी पडायला वेळ लागत नाही.

३० ऑगस्ट १७७३. सकाळी नारायणराव पर्वतीला जाऊन आला. काहीतरी शिजते आहे अशी कुणकुण त्याला लागली होती आणि हरिपंत फडक्यांना त्याने बंदोबस्त करण्यास सांगितले. ग्रँट डफच्या हकिकतीप्रमाणे हरिपंत जेवणाच्या आमंत्रणाला गेले. दुपारी सुमेरसिंग, खरकसिंग, महंमद युसूफ यांचे गारदी पगाराचा गलका करीत वाड्यात घुसले. नारायणराव काकांच्या दालनाकडे धावला आणि त्याने त्यांना मिठी मारली. तुळाजी पवाराने त्याला ओढून काढले. चापाजी टिळेकर हा सेवक धन्याच्या अंगावर आडवा पडला. दोघेही तलवारीखाली गेले. त्या दिवशी वाड्यात आणखीही माणसे मारली गेली.

हे सर्व मी काकीला चांगले चार पाने लिहिले. तिचे उत्तर चार ओळींचे : “लढाया वाचल्या. कंटाळा आला नाही. पण यात कागद कुठे आहे?”

कागदाची गोष्ट येते ती रामशास्त्र्यांच्या चौकशीतून. रामशास्त्री प्रभुणे, साताऱ्याजवळच्या माहुलीचे, पेशव्यांचे मुख्य न्यायाधीश. खुनानंतर सुमारे सहा आठवडे त्यांनी तपास केला आणि रघुनाथरावांना तोंडावर सांगितले की या पापाला देहान्ताशिवाय प्रायश्चित्त नाही. मग पद सोडून ते निघून गेले. हा भाग मला अजूनही वर्गात सांगताना गहिवर आणतो. याच तपासात गारद्यांना दिलेला हुकूम हाती लागला, त्यात ‘धरावे’चे ‘मारावे’ केलेले होते, आणि हा बदल आनंदीबाईच्या हातचा, अशी ती कथा. ती इंग्रजीत प्रथम मांडली ग्रँट डफने, १८२६ साली. म्हणजे खुनाला त्रेपन्न वर्षे झाल्यावर. साताऱ्यात राहून त्याने जुनी माणसे, जुनी दप्तरे पाहिली, त्याचा ग्रंथ टाकाऊ नाही. पण अक्षर आनंदीबाईने बदलले हे त्यानेही पाहून सांगितलेले नाही. लोकांचा समज म्हणून सांगितलेले आहे.

पुढे केवढे दप्तर उजेडात आले! राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंड काढले. मिरजेला वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातली पत्रे वर्षानुवर्षे छापली. त्या काळी पुण्यात कोण काय बोलत होते, कोण कोणाकडे जाऊन आले, हे मिरजेस कळविणारी ती पत्रे आजही शिळी वाटत नाहीत. गो. स. सरदेसायांच्या संपादनाखाली १९३० च्या सुमारास पेशवे दप्तरातून निवडलेल्या कागदांचे पंचेचाळीस भाग निघाले. एवढ्या कागदांच्या डोंगरात तो एक कागद नाही.

हे मला ठाऊक होते. तरी काकीला लिहिताना मी वकिली केली. कागद नसला म्हणून काय झाले, रामशास्त्र्यांसारखा माणूस उगाच बोलेल काय, असे मी विचारले. तिने लिहिले :

“रामशास्त्री देवमाणूस. त्यांनी प्रायश्चित्त कोणाला सांगितले? दादासाहेबांना की बाईला? तुझ्याच लेखात दादासाहेबांना सांगितले असे आहे. मग न्यायाधीशाने ज्याला सांगितले त्याचा वाक्प्रचार का झाला नाही?”

हे पत्र मी स्टाफरूममध्ये दोनदा वाचले. रामशास्त्र्यांचा निकाल मी वीस वेळा तरी वर्गात सांगितला असेन आणि तो कुणाविरुद्ध होता याकडे माझे लक्षच गेले नव्हते. पुराव्याच्या दृष्टीने पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. ‘धरावे’ असा हुकूम आपण दिला होता, एवढे रघुनाथरावांनी कबूल केल्याचे ग्रँट डफ सांगतो. म्हणजे गादीवरच्या पेशव्याला त्याच्याच वाड्यात भाडोत्री शिपायांकडून पकडवायचे, हा बेत त्यांचा होता. एवढ्यावरही राजद्रोह होतोच. पण ‘ध’ चा ‘मा’ झाला म्हटले की ऐकणारा ‘मा’कडे पाहतो आणि ‘ध’ लिहिणारा बिचारा वाटू लागतो. अक्षर बदलण्याची कथा खरी असो वा खोटी, तिचा उपयोग झाला तो रघुनाथरावांना.

मी तसे काकीला मोकळेपणाने लिहिले नाही. हार कबूल करायला वय कमी होते. उलट मी हेतूचा मुद्दा काढला. आनंदीबाई महत्त्वाकांक्षी होती, राजकारण कळणारी होती, तिची स्वतःची पत्रे उपलब्ध आहेत आणि त्यांतून ती किती करारी होती ते दिसते. गुहागरकडच्या ओकांची ही मुलगी, नवरा कैदेत, आपला वंश बाजूला पडलेला. तिला राग नसेल? काकीने उत्तराला दोन महिने लावले.

“राग असेल. मलाही असतो. तू लिहितोस की तिला लिहिता येत होते. बाकीच्या बायकांना येत नव्हते म्हणून त्या सुटल्या. लिहिता येणाऱ्या बाईच्या हातात लेखणी दिसली की झालेच.”

या ओळींना मी काही उत्तर देऊ शकलो नाही. आम्ही दोघे कशाबद्दल लिहीत होतो हे दोघांनाही कळत होते, पण तिने कधी भाटाचा किंवा यादीचा उल्लेख केला नाही आणि मीही नाही. एक सांगितले पाहिजे. हेतूचा माझा मुद्दा तारखांपुढेही फारसा टिकत नाही. १७७३ मध्ये आनंदीबाईच्या मांडीवर गादीला पुढे करायला पोटचा मुलगा नव्हता. दुसऱ्या बाजीरावाचा जन्म धारला झाला तो १७७५ च्या जानेवारीत. घरात होता तो दत्तक अमृतराव. लाभ झाला असेल तर नवऱ्याला, आणि तोही किती दिवस?

ते दिवस मोजण्यासारखे आहेत. ऑक्टोबरात रघुनाथरावांना वस्त्रे मिळाली. इकडे सखारामबापू बोकील, नाना फडणीस, हरिपंत फडके प्रभृतींनी कट केला, तोच बारभाई. नारायणरावाची पत्नी गंगाबाई गरोदर होती. तिला पुरंदरावर नेले आणि १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवरावांचा जन्म झाला. चाळीस दिवसांचे झाल्यावर बाळ पेशवे झाले. या बारभाईंचे सर्वांत मोठे हत्यार कोणते? खुनाचा दोष. ‘पुतण्याचा खुनी’ म्हटल्यावर रघुनाथरावांच्या मागे सरदार किती राहणार? दोष खराही होता आणि सोयीचाही होता, आणि या दोन गोष्टी एकमेकींत अशा मिसळल्या की पुढच्यांना वेगळ्या काढता आल्या नाहीत. शिवाय सखारामबापूंसारखा मनुष्य या कटाच्या दोन्ही टोकांना दिसतो. खुनाआधीच्या मसलतीत त्यांचे अंग होते असा संशय त्या काळीच होता, आणि खुन्याविरुद्धच्या कारभारातही पहिले नाव त्यांचेच. पुढे नानांनीच त्यांना कैदेत टाकले आणि १७८१ मध्ये ते रायगडावर वारले. त्यांच्या नावाचाही वाक्प्रचार नाही.

मी हे सर्व कळवले तेव्हा काकीने हरिपंतांना धरले. “ज्याला सकाळी सांगितले तो जेवायला गेला. जेवण कुणाकडे होते ते लिही.” ते कुठे मिळणार? पण तिच्या विचारण्यात एक गृहिणीचा रोकडेपणा होता. अपराधाचे पाढे वाचताना आम्ही इतिहासवाले कट, हेतू, कारस्थान असे मोठे शब्द वापरतो; एक कर्ता माणूस पानावरून उठला नाही, हे कारण आम्हाला हलके वाटते.

एका पत्रात मात्र मी तिला चकित केले. नारायणरावाच्या खुनाचा धागा तिच्या माहेरापर्यंत येतो, असे मी लिहिले. पुणे सुटल्यावर रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयाला गेले, १७७५ च्या मार्चमध्ये सुरतेचा तह झाला आणि मराठ्यांचे इंग्रजांशी पहिले युद्ध जुंपले. ते १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत चालले. पुण्याला त्या वर्षांत कोकणच्या या कोपऱ्याकडे बघायला सवड नव्हती. डिचोली, सत्तरी, पेडणे हा सगळा मुलूख तेव्हा सावंतवाडीकर भोसल्यांचा. वाडीचे खेमसावंत कोल्हापूरकरांशी झगडण्यात गुंतलेले. गोव्याच्या पोर्तुगीजांनी ही वेळ अचूक साधली. १७८१ मध्ये डिचोली घेतली, पुढच्या वर्षी सत्तरी. १७८८ मध्ये कोल्हापूरकरांविरुद्ध मदत हवी म्हणून वाडीकरांनीच पेडणे त्यांना दिले. नव्या काबिजादी म्हणून शाळेत जे शिकवतो ते हेच तालुके. पुण्याच्या वाड्यात यादवी झाली नसती तर डिचोलीवर पोर्तुगीज निशाण लागले नसते असे मी म्हणणार नाही. पण १७८१ मध्ये इतक्या सुखासुखी लागले नसते, असे मला वाटते. सत्तरीतल्या पिसुर्ल्याचे डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी पणजीच्या दप्तरखान्यात हयात घालवून पोर्तुगीज आणि मराठे यांचे संबंध कागदोपत्री मांडले. पोर्तुगीजांच्या वतीने पुण्यात वकिली करणारे आपल्याच भागातले सारस्वत होते, हे त्यांच्या ग्रंथांमुळेच आपल्याला नीट कळले. पुण्याच्या वाड्यात काय चालले आहे ते गोव्याच्या गव्हर्नराला मराठी माणसेच कळवीत होती.

काकीला यातले शेवटचे वाक्य फार आवडले. “म्हणजे आपल्याकडची पत्रे तेव्हाही दुसऱ्याच पत्त्यावर जात,” असे तिने लिहिले.

आणि मग २००६ साली तिने तो प्रश्न विचारला ज्याची मला अजिबात तयारी नव्हती. तिच्या आजीच्या तोंडी एक गोष्ट होती, वाडीच्या राजवाड्यात निजलेल्या मुलाचा गळा दाबल्याची. “पुण्याच्या नारायणरावाचे तुम्ही नाटक केले, वाक्प्रचार केला. ज्या वाडीचे आपण होतो, तिथल्या पोराचे काय? त्याला कोण रामशास्त्री?”

वाडीशी आमचे राज्याचे नाते तुटले तरी देवाधर्माचे, सोयरिकीचे नाते कधी तुटले नाही. तरीसुद्धा ही गोष्ट मला माहीत नव्हती. शोधली तेव्हा इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये सापडली, आणि तीही काही थोड्या ओळींत. खेमसावंत १८०३ मध्ये निपुत्रिक वारले. वारशावरून भोसल्यांच्या शाखांत यादवी माजली. ती १८०५ मध्ये मिटल्यासारखी झाली, जेव्हा खेमसावंतांची विधवा लक्ष्मीबाई, ही शिंद्यांची मुलगी, हिने रामचंद्र सावंत ऊर्फ भाऊसाहेब या मुलाला दत्तक घेतले. जेमतेम तीन वर्षे गेली असतील-नसतील, एके दिवशी या मुलाला बिछान्यातच गळा दाबून मारले. गादीवर फोंड सावंत आला.

बस, एवढेच. कोणी मारले, कोणी सांगितले, कोणाची चौकशी झाली, काही नाही. गॅझेटियर लगेच समुद्रावरच्या चाच्यांकडे वळते, कारण इंग्रजांना काळजी त्यांच्या व्यापाराची होती. १८१२ च्या तहात वेंगुर्ले बंदर त्यांनी वाडीकडून घेतले त्याची हकिकत मात्र व्यवस्थित आहे. त्यातही एक गंमत काकीच्या नजरेस आणून दिल्याशिवाय मला राहवले नाही. फोंड सावंत गादीवर आला तेव्हा अज्ञान होता, असे गॅझेटियर म्हणते. आणि थोडे पुढे, १८१२ मध्ये तो वारला तेव्हा त्याचा मुलगा आठ वर्षांचा होता, असेही म्हणते. हिशेब कुणीही करून पाहावा. छापील पुस्तक, सरकारी शिक्का, आणि शंभराहून अधिक वर्षे आपण हे तसेच उतरवून घेत आलो आहोत. ‘अज्ञान’ ठरवल्याने कुणाचा संशय आपोआप दूर झाला, हा विचार मनात येतोच. पण विचार म्हणजे पुरावा नव्हे, एवढे मी आता काकीकडून शिकलो होतो.

तिने लिहिले : “म्हणजे तिथे कागदच नाही. कागद नाही म्हणून गोष्ट नाही. गोष्ट नाही म्हणून कुणी बाईही सापडली नाही. लक्ष्मीबाई सुटली.”

२००८ च्या मे महिन्यात माझे वडील गेले. दिवसकार्य उरकल्यावर त्यांची ट्रंक मी उघडली. पोर्तुगीज भाषेतले जमिनीचे जुने कागद, भाड्याच्या पावत्या, माझ्या मुंजीचा फोटो, आणि तळाशी खाकी पाकिटात चौपदरी घडी घातलेली याद. आजोबांची. गोल, टपोरे, काकीचे अक्षर. प्रत्येक पानाच्या शेवटी आजोबांची थरथरती सही. घरातली भांडी होती, काजूची राई होती, दोन मोरडी शेते होती, कोणाला काय ते स्पष्ट होते. एकही खाडाखोड नव्हती. आणि ओढ्यापलीकडच्या भाटाचा त्यात उल्लेखच नव्हता. थोरल्याच्या नावे नाही, धाकट्याच्या नावे नाही. म्हातारा सांगायचे विसरला असेल, किंवा त्याच्या मनात ते भाट वाटणीत घालायचेच नसेल.

सदतीस वर्षे तो कागद आमच्याच घरात, वडिलांच्या खाटेखाली होता. त्यांनी तो कधी उघडला होता का, हे विचारायला ते उरले नव्हते. पाकिटाला डिंक नव्हता. घडीवर कागद फाटायला आला होता. घडी एकदाच घातलेला कागद असा फाटत नाही. आत्या तेव्हा हयात होत्या. मी त्यांच्यापुढे तो ठेवला. त्यांना वाचता येत नव्हते; मी वाचून दाखवला. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मग भाट कुणाचे?”

मी यादीची झेरॉक्स काढली आणि काकीला पाठवली. सोबत लांब पत्र लिहायला घेतले होते, ते पुरे झाले नाही. नुसती झेरॉक्सच पाठवली. आठ दिवसांनी कार्ड आले. या वेळी पत्त्यावर शाळेचे नाव नव्हते, घराचे होते.

“चि. भाऊ यास आशीर्वाद. झेरॉक्स पोचली. माझे अक्षर त्या काळी बरे होते. इथे पाऊस लागला आहे, दोन पोफळी पडल्या. वाडीच्या मुलाचे आणखी काही सापडले तर कळव. येशील तर दिवसाउजेडी ये, रस्ता खराब आहे.”

त्या वर्षी चवथीला मी डिचोलीला गेलो. घरी सांगून गेलो.